सौर बंबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न : विदर्भातल्या गावघरांसाठी

दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या भागातल्या गावांत सौर बंब बसवायचं आणि दुरुस्तीचं काम मी करतो. दिवाळी झाली, पहाटे अंगावर काटा यायला लागला, की फोन सुरू होतात. वणी, पवनी, अहेरीकडूनही व्हॉट्सॲपवर फोटो येतात. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच असतात, म्हणून इथे एकत्र लिहिले. वाचताना एक गोष्ट लक्षात येईल. ऊन आपल्याकडे मुबलक आहे, त्याची तक्रार क्वचितच येते. बंब बिघडतो तो बहुतेक पाण्यामुळे. पाणी खारं असतं, किंवा टाकीत नसतं, किंवा चुकीच्या वेळी भरलेलं असतं.

१. सौर बंब आणि छतावरचं सोलर पॅनल एकच का? याला वीज लागते का?

एकच नाही. पॅनल उन्हापासून वीज तयार करतं. सौर बंब उन्हाने थेट पाणी तापवतो. काळ्या नळ्यांमधलं पाणी तापलं की हलकं होऊन वरच्या टाकीत चढतं आणि टाकीतलं गार पाणी त्याच्या जागी खाली उतरतं. हे फिरणं दिवसभर आपोआप चालू राहतं. मोटर नाही, वीज नाही, त्यामुळे भारनियमनाशी काही संबंध नाही.

२. सौर बंबावर सरकारी अनुदान मिळतं का? ७८ हजारांचं ऐकलं होतं.

ते ७८ हजार सौर बंबाचे नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना छतावरच्या वीज बनवणाऱ्या पॅनलसाठी आहे आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला तिथे कमाल ७८ हजार मिळतात. सौर बंबावरचं केंद्राचं अनुदान २०१४ सालीच बंद झालं. एक दिलासा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर बंबावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा पक्कं बिल घ्या आणि कर तपासा. बंबाचं अनुदान मिळवून देतो म्हणून कुणी आधी पैसे मागितले तर देऊ नका.

३. भाऊ, आमच्या घरी पऱ्हाटी फुकटची हाय. मंग सौर बंब कायले पाह्यजे?

हा प्रश्न जवळजवळ नेहमी घरातला पुरुष विचारतो. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, विकत आणावी लागत नाही हे खरं. पण ती उपटायची, मोळ्या बांधायच्या, वावरातून घरी आणायची, पावसापासून झाकायची आणि पहाटे उठून पेटवायची हे कोण करतं? माझी आई चारला उठून तांब्याचा बंब पेटवायची. पऱ्हाटी ओली असली की न्हाणीघर धुराने भरायचं. मग फुंकणी खाली ठेवून ती बाहेर यायची, पदराने डोळे पुसायची आणि परत आत जायची. शेवटपर्यंत तिचा खोकला गेला नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे तर सरपणासाठी जंगलात जायचं म्हणजे वाघाची भीती, आणि सरपण वेचायला गेलेली माणसं घरी परत न आल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

इलेक्ट्रिक रॉडने पाणी तापवत असाल तर हिशोब सरळ आहे. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण साडेचार युनिट वीज लागते. थंडीचे चार महिने रोज तापवलं तर साडेपाचशेच्या आसपास युनिट होतात. तुमच्या बिलावरच्या दराने गुणा, म्हणजे बंबाचे पैसे किती वर्षांत फिटतात ते कळेल. वर पाण्याच्या बादलीतला रॉड किती धोक्याचा असतो ते वेगळं सांगायला नको.

चूल पूर्ण सुटेल असं मात्र मी म्हणणार नाही. भर पावसाळ्यात तिची गरज पडतेच (प्रश्न १७).

४. घरात पाच माणसं आहेत. किती लिटरचा घ्यावा?

६० अंशांचं १०० लिटर पाणी २० अंशांच्या तेवढ्याच गार पाण्यात मिसळलं की आंघोळीच्या बेताचं २०० लिटर होतं, म्हणजे २० लिटरच्या १० बादल्या. पाच माणसांना आंघोळीपुरतं हे पुरतं. धुणं-भांडी, बाळंतीण किंवा म्हातारं माणूस घरात, म्हशीसाठी सरकीची ढेप कोमट पाण्यात भिजवायची सवय, यातलं काही असेल तर १५० किंवा २०० लिटरचा घ्या. पाहुण्यांचा विचार करून मोठा घेऊ नका. पाहुणे लग्नसराईत, उन्हाळ्यात येतात आणि तेव्हा गरम पाणी कुणी मागत नाही.

५. ट्यूबवाला घ्यावा की चपट्या पेटीचा?

याचं उत्तर तुमचं पाणी बघून ठरतं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा गेला आहे. तिथल्या बोअरचं पाणी गंजात (पातेल्यात) उकळलं की बुडाला पांढरा थर धरतो, तोच थर बंबातही धरतो. चपट्या पेटीत तांब्याच्या जेमतेम अर्धा इंची नळ्या असतात. त्या क्षाराने भरल्या की पाणी फिरणं थांबतं आणि तुम्हाला वाटतं ऊन कमी पडलं. एका घरची अशी पेटी मी कापून पाहिली होती. नळीच्या तोंडात पेन्सिलीचं टोकसुद्धा जात नव्हतं.

काचेची ट्यूब आतून चांगली रुंद असते. क्षार तिच्या तळाशी बसतो आणि ट्यूब काढून धुता येते. म्हणून बोअरच्या, विहिरीच्या जड पाण्याला ट्यूबवालाच घ्या. धरणावरच्या नळयोजनेचं गोडं पाणी असेल आणि गावात वांदरं फार असतील, तर चपटी पेटी चांगली. तिची काच टफन्ड असते आणि ती पुष्कळ वर्षं टिकते. पेटीच हवी पण पाणी जड, अशा ठिकाणी हीट एक्स्चेंजरवाली मिळते, तिच्यात जड पाणी बारीक नळ्यांत जातच नाही. ती महाग पडते.

घेताना आयएस (भारतीय मानक) क्रमांक पाहा. चपट्या पेटीला आयएस १२९३३, ट्यूबच्या संचाला आयएस १६५४४.

६. टाकी स्टीलची आहे म्हणतात, तरी दोन-तीन वर्षांत गळते. असं का?

खाऱ्या पाण्यातला क्लोराइड स्टीललाही पोखरतो. आधी वेल्डिंगजवळ सुईच्या टोकाएवढं भोक पडतं, मग टाकीभोवतीचा उष्णता धरून ठेवणारा फोम ओला होतो आणि बाहेरच्या पत्र्यावर तांबूस ओघळ दिसायला लागतो. साधारण टाक्या ३०४ प्रतीच्या स्टीलच्या असतात. खारपाणपट्ट्यात ३१६ एल प्रत मागा, तिच्यातल्या मॉलिब्डेनममुळे ती क्लोराइडला जास्त दाद देत नाही. किंवा आतून काचेचा मुलामा दिलेली टाकी घ्या. वॉरंटी कार्डावर पाण्याबद्दल काय अट आहे तेही घेण्याआधी वाचा. जड पाण्याने झालेला बिघाड पुष्कळ कार्डांत वगळलेला असतो आणि ही ओळ बारीक अक्षरात असते.

७. तोंड कोणत्या दिशेला आणि जागा कशी निवडायची?

तोंड दक्षिणेला. ट्यूबच्या स्टँडचा उतार कारखान्यातून ठरलेला येतो, तो विटा लावून बदलू नका.

खरी चूक सावलीत होते. आपल्याकडे मे अखेरीस दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा जागा पाहिली तर सगळा स्लॅब उन्हात दिसतो. डिसेंबरात मात्र भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपासच चढतो आणि प्रत्येक वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी पडते. सकाळी नऊला ती याहून बरीच लांब असते. माझ्या स्वतःच्या घरचा पहिला बंब मी मे महिन्यात बसवला होता. डिसेंबरात शेजारच्या चिंचेची सावली साडेअकरापर्यंत ट्यूबांवरून हलेना आणि ऐन गरजेच्या महिन्यात पाणी कोमटच राहिलं. शेवटी सगळा संच उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेला. दक्षिणेला झाड, जिन्याची खोली किंवा पाण्याची टाकी असेल तर तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर सोडा.

८. घर कवेलूचं किंवा टिनाचं आहे. बसेल का?

छपरावर नाही. भरलेला १०० लिटरचा संच दोनशे किलोच्या घरात जातो आणि हे वजन कवेलूच्या फाट्यांवर किंवा टिनाच्या अँगलवर टाकू नये. अंगणात किंवा वाडीत विटांचा ओटा बांधून त्यावर बसवा. गार पाण्याची टाकी लोखंडी स्टँडवर ठेवा. न्हाणी जवळच असते, त्यामुळे पाइपही कमी लागतो. ढोरं आणि पोरं यांच्यापासून कुंपण मात्र हवं.

९. गार पाण्याची टाकी किती उंच हवी? वर उभा पाइप कशासाठी असतो?

साध्या बंबात गार पाणी खालून शिरतं आणि गरम पाण्याला वरून ढकलतं. म्हणून गार टाकीचा तळ सौर टाकीच्या माथ्यापेक्षा किमान फूटभर वर हवा. स्लॅबवर मोजलं तर हे बहुधा ७ ते ८ फूट येतं.

उभा पाइप म्हणजे एअर व्हेंट. सौर टाकीतली वाफ आणि हवा त्यातून ये-जा करते. त्याचं तोंड गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर असलं पाहिजे, नाहीतर त्यातून पाणी वाहत राहील. पाणी उडतं म्हणून काही जण त्याला बूच मारतात. तसं कधीही करू नका, कारण प्रश्न १९ मध्ये आहे.

१०. पाइप कोणता टाकावा? गरम पाणी येईपर्यंत गार पाणी फार वाया जातं.

गरम लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपाची. पांढरा किंवा करडा साधा पीव्हीसी पाइप वापरू नका, तो गरम पाण्याने मऊ पडून झोळ खातो आणि जोड सुटतात. पाऊण इंची सीपीव्हीसीत मीटरमागे पाव लिटर पाणी मावतं. बंब न्हाणीपासून २५ मीटर पाइपावर असेल तर सव्वासहा लिटर थंड पाणी आधी बाहेर पडणार. म्हणून बंब न्हाणीच्या वरच बसवावा. पाइपाला फोम गुंडाळून वरून ॲल्युमिनियमची टेप लावा. उघडा फोम आपल्या उन्हात भुगा होऊन गळतो. पहिलं गार पाणी बादलीत धरून गुरांच्या टाक्यात टाका.

११. बसवल्यावर लगेच पाणी भरलं आणि दोन ट्यूब तडकल्या. फिटर म्हणतो काच खराब होती.

काच बहुधा ठीक होती. रिकामी ट्यूब उन्हात २०० अंशांच्या वर तापते. त्यात गार पाणी पडलं की ती फुटते. आधी बारीक टिक् असा आवाज येतो, मग उभी चीर बुडापर्यंत जाते. पहिल्यांदा पाणी भरायचं ते पहाटे, ऊन अंगावर यायच्या आत, किंवा रात्री. फिटर दुपारी आला तर ट्यूबांवर ताडपत्री टाकून त्याला संध्याकाळपर्यंत थांबवा. एका जेवणाचा खर्च येईल, ट्यूबा वाचतील. हाच नियम टाकी कधीही रिकामी झाली तरी लागू आहे.

१२. बंब भरलेला आहे, ऊन कडक आहे, तरी गरम नळाला पाणी येत नाही.

गार टाकी रिकामी असेल. ढकलायला गार पाणी नसेल तर गरम पाणी टाकीतच राहतं. जिथे नळ तीन-चार दिवसांनी येतो तिथे ही तक्रार ठरलेली. उपाय असा, की गार टाकीतून घरवापराची लाइन तळापासून वीतभर वर काढा आणि बंबाची लाइन तळालगत. म्हणजे घरचं पाणी संपलं तरी बंबाचं थोडं शिल्लक राहतं. गार टाकी भरलेली असूनही पाणी येत नसेल तर लाइनीत हवा अडकली आहे. गरम नळ पूर्ण उघडून थोडा वेळ ठेवा.

१३. एप्रिल-मे मध्ये पाणी उकळून वाफ येते. बंद कसा करायचा?

याला बटण नाही, बंब झाकावा लागतो. ताडपत्री किंवा गोणपाट ट्यूबांवर बांधा. थोडं गरम पाणी हवं असेल तर निम्म्या ट्यूब उघड्या ठेवा. वादळात ताडपत्री उडू नये म्हणून दोरी स्टँडला बांधा, ट्यूबला नाही. टाकी रिकामी करून ठेवू नका (प्रश्न ११). लग्नाला किंवा गावाला पंधरा दिवस जाताना हेच करा. टाकी भरलेली ठेवा, ट्यूब झाका, गार पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा.

मार्चपासून पाणी ७० अंशांच्या पुढे जातं. एवढं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः लेकरांना शिकवा की बादलीत आधी गार पाणी, मग गरम.

१४. क्षार घरच्या घरी काढता येतो का?

ट्यूबवाल्या बंबाचा येतो. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर करा. अगदी खारं पाणी असेल तर होळीच्या आधी परत एकदा.

आदल्या संध्याकाळी ट्यूब झाका. पहाटे गार व्हॉल्व्ह बंद करून टाकी पूर्ण रिकामी करा. ट्यूब हलक्या हाताने फिरवत थोडी वर टाकीत सरकवा, म्हणजे खालचं टोक टोपीतून सुटेल. मग ती खाली ओढून काढा. आत पाणी असतं, म्हणून ती जड लागते. दोन माणसं हवीत. उलटी केली की गढूळ पाणी आणि अंड्याच्या टरफलासारखे पांढरे पापुद्रे बाहेर येतात. चिकटलेल्या थरासाठी किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व लिटरमागे ५० ग्रॅम कोमट पाण्यात विरघळवून ट्यूबमध्ये भरा, चार तास सावलीत उभी ठेवा आणि धुऊन टाका. संडास धुवायचं ॲसिड वापरू नका, ते टाकीत गेलं तर स्टील खातं. बसवताना रबरी रिंगला साबणाचं पाणी लावा. तेल लावलं तर रबर फुगतं.

ट्यूब हातात असतानाच तिचं खालचं टोक पाहा. ते आरशासारखं चंदेरी असेल तर ट्यूब चांगली. दुधासारखं पांढरं झालं असेल तर आतली निर्वात पोकळी गेली. तो चंदेरी लेप बेरियमचा असतो आणि हवा लागली की पांढरा पडतो. अशी ट्यूब पाणी तापवत नाही, बदला.

चपट्या पेटीचा क्षार काढायला ॲसिड पंपाने फिरवावं लागतं, ते काम जाणकाराकडून करून घ्या.

१५. टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते म्हणतात. ती काय करते?

पाणी टाकीच्या धातूऐवजी आधी तिला खातं. टाकीच्या बाजूला बोल्टसारखं डोकं दिसतं, ते उघडून वर्षातून एकदा पाहा. आतली तार दिसायला लागली की बदला. खारपाणपट्ट्यात ती झपाट्याने संपते. मी ज्या गळक्या टाक्या उघडल्या त्यांच्या मालकांपैकी फार थोड्यांना ही कांडी असते हे माहीत होतं. विकणाऱ्याने सांगायला हवं होतं.

१६. वांदरं ट्यूब फोडतात, वर गारपिटीची भीती. काय करावं?

ट्यूबची काच बोरोसिलिकेटची असते आणि बोराएवढ्या गारा सोसते. फेब्रुवारी-मार्च २०१४ सारखी गारपीट झाली तर भरवसा नाही, ढग काळवंडले की गोणपाट टाका. वांदरांसाठी ट्यूबांपासून वीतभर वर दोन इंची चौकोनाची वेल्डेड जाळी बसवा. जाळीने ऊन थोडं अडतं, पण आपल्याकडे तेवढं परवडतं. ट्यूबांना टेकलेली जाळी उपयोगाची नाही, वांदराने उडी मारली की तीच काच फोडते.

१७. संध्याकाळी पाणी कडक असतं, सकाळी कोमट. टाकी खराब झाली का?

आधी टाकीला दोष देऊ नका. संध्याकाळी भांड्यांना किती पाणी वापरलं ते आठवा. जेवढं काढलं तेवढं गार पाणी आत गेलेलं असतं. मग मिक्सरचा नळ पाहा. गार आणि गरम दोन्ही चाव्या उघड्या आणि टोटी बंद असेल तर गार पाणी उलटं गरम लाइनीत शिरतं. खालच्या मजल्यावर कुठला गरम नळ ठिबकतो का तेही बघा. हे सगळं ठीक असेल आणि टाकीचा बाहेरचा पत्रा रात्री हाताला गरम लागत असेल, तरच आतला फोम भिजला असं समजा (प्रश्न ६).

संध्याकाळीही कोमटच असेल तर कारण वेगळं. सावली, क्षार, पांढरी पडलेली ट्यूब किंवा धूळ. जिनिंगजवळची रुई, मळणीचा भुसा, वणी-घुग्घुसकडची कोळशाची काजळी ट्यूबांवर चिकटते. पंधरा दिवसांतून एकदा सकाळी लवकर ओल्या फडक्याने पुसा.

ढगाळ दिवसांत पाणी कोमटच राहणार. टाकीत विजेचा हीटर असेल तर तो सूर्य मावळल्यावर लावा. २ किलोवॉटचा हीटर १०० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला सव्वा तासाच्या आसपास घेतो. सकाळी लावून दिवसभर चालू ठेवला तर बंबाचा उपयोगच राहिला नाही. अर्थिंग आणि एमसीबी (बिघाड झाला की वीज तोडणारा खटका) नसेल तर तो जोडूच नका.

१८. हे पाणी चहाला, स्वयंपाकाला चालेल का?

नको. टाकीत पाणी दिवसेंदिवस साठून असतं, तळाशी गाळ असतो. शिवाय तापवल्याने क्षार किंवा फ्लोराइड निघत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडे ज्या गावांच्या बोअरला फ्लोराइड आहे तिथे लोकांना वाटतं गरम केलं म्हणजे शुद्ध झालं, तसं होत नाही.

१९. टाकी एका बाजूने आत दबली आहे. बोअरची मोटर थेट जोडली म्हणून का?

मोटर थेट जोडली असेल तर टाकी बाहेरच्या बाजूने फुगते, जोड सुटतात. साध्या बंबाला मोटरचा किंवा प्रेशर पंपाचा दाब कधीच देऊ नका, त्यासाठी वेगळ्या दाबाच्या टाक्या असतात. आत दबली असेल तर व्हेंट बंद आहे. टाकी रिकामी होताना वरून हवा शिरली नाही की बाहेरच्या हवेच्या दाबाने पत्रा चेपतो. गावाकडे याचं नेहमीचं कारण म्हणजे कुंभारीण माशी, ती व्हेंटच्या तोंडात मातीचं घर करते. पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा आणि पावसाळा संपल्यावर एकदा वर चढून पाहा.

२०. रात्री एक ट्यूब फुटली. बाकीच्यांवर काम चालेल का?

नाही. सगळ्या ट्यूब एकाच टाकीत उघडतात, एक फुटली की पूर्ण टाकी त्या भोकातून रिकामी होते आणि गार टाकीही तिच्यामागे. आधी गार व्हॉल्व्ह बंद करा. तो कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. उजाडायच्या आत उरलेल्या ट्यूबांवर ताडपत्री टाका, कारण आता त्या पाण्याविना तापणार. नवी ट्यूब आणताना माप सांगा. ४७ मिलिमीटर जाडीची १५०० लांब, की ५८ ची १८०० लांब. फुटलेल्या ट्यूबचं टोक सोबत न्या, म्हणजे दुकानदार चुकणार नाही. तालुक्याच्या दुकानात दरवेळी हवं ते माप मिळत नाही, म्हणून दोन ट्यूब आणि चार रबरी रिंगा आधीच आणून माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवा.